फ्यूज केव्हा उडतो

मोटारसायकलच्या वायरिंगमध्ये प्लसच्या वायरी अनेक असतात आणि मायनस म्हणजे जवळजवळ अख्खी गाडी. बॅटरीचे मायनस टोक जाड वायरीने चेसिसला आणि इंजिनाला बोल्ट मारून जोडलेले असते. हार्नेसमधून, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या वायरींच्या जुडग्यातून, अर्थच्या वायरी फिरतात खऱ्या, पण त्याही शेवटी कुठेतरी चेसिसलाच येऊन मिळतात. गॅरेजमध्ये याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. या रचनेमुळे तांबे वाचते आणि जोडण्या कमी लागतात. मात्र प्लसची कोणतीही वायर सोलून लोखंडाला टेकली, की बॅटरीचा फेरा तिथल्या तिथे पूर्ण होतो. मध्ये ना दिवा, ना हॉर्न, ना कॉइल. विजेला अडवणारे काहीच उरत नाही. यालाच शॉर्ट म्हणतात.

वाटेत अडथळा किती, त्यावर प्रवाह ठरतो. १२ व्होल्टच्या गाडीत १० वॉटचा इंडिकेटर बल्ब साधारण ०.८३ अँपिअर घेतो. ३५ वॉटच्या हेडलाइटला ३ अँपिअरच्या आत भागते, ६० वॉटच्या बल्बला ५ लागतात. मागचा ब्रेक लाइट २१ वॉटचा असेल तर पावणेदोन अँपिअर. हे सगळे हिशेब वॉटला व्होल्टने भागून निघतात आणि वायरीची जाडी याच आकड्यांवर बेतलेली असते. शॉर्ट झाल्यावर मात्र गाडीची छोटीशी बॅटरीही क्षणभर शंभरेक अँपिअर सोडू शकते. काडीएवढ्या वायरीतून तेवढा प्रवाह गेला तर काही सेकंदांत तिचे प्लास्टिक वितळते. त्याच जुडग्यातल्या शेजारच्या वायरी मग एकमेकींना चिकटतात.

ते होऊ नये म्हणून बॅटरीजवळ फ्यूज बसवतात. आतली धातूची बारीक पट्टी हा साऱ्या वाटेवरचा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते, त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर ती झपाट्याने वितळते. तरी फ्यूज म्हणजे काटेकोर कुलूप नव्हे. १० अँपिअरचा फ्यूज ११ अँपिअरला लगेच उडत नाही, तासन्‌तास तग धरू शकतो. दुप्पट प्रवाहाला काही सेकंद पुरतात आणि खऱ्या शॉर्टला डोळ्याचे पातेही लवत नाही. पुढे शोध घेताना हा वेळेचा फरक फार कामाला येतो.

जुन्या गाड्यांत काचेच्या नळीतला फ्यूज असे; आता बहुतेक ठिकाणी चपट्या दोन पायांचा प्लास्टिकचा फ्यूज असतो. त्याचे रंग ठरलेले आहेत: ५ अँपिअरला बदामी, ७.५ ला तपकिरी, १० ला लाल, १५ ला निळा, २० ला पिवळा, २५ ला पारदर्शक पांढरा, ३० ला हिरवा. उन्हाने आणि धुळीने बदामी-तपकिरीत गल्लत होते, म्हणून माथ्यावरचा आकडा वाचलेला बरा. साध्या १००-१२५ सीसीच्या गाडीत बहुधा एकच मुख्य फ्यूज असतो. इंधन इंजेक्शन आणि एबीएस असलेल्या गाड्यांत वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे फ्यूज दिलेले असतात. सेल्फची मोटार बहुतेक गाड्यांत या फ्यूजमधून जात नाही. ती ओढते तो प्रवाह फ्यूजला झेपणारच नाही, म्हणून तिची जाड वायर बॅटरीतून थेट स्टार्टर रिलेमार्गे जाते. साहजिकच त्या जाड वायरीला फ्यूजचे संरक्षण नसते. तिचे रबरी टोपण जागेवर असणे म्हणूनच महत्त्वाचे.

फ्यूज उडाला की आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची किंवा वायरीतली तार पिळून घालायची जुनी सवय आहे. ०.२ मिलिमीटर जाडीची तांब्याची एक तार साधारण ७ अँपिअरच्या आसपास वितळते. म्हणजे एकच तार घातली तर ती एक वेळ फ्यूजचे काम करेलही. पण घालणारा एक घालत नाही. तो तीन-चार तारा पिळून ‘पक्की’ करतो, आणि मग गाडीतला सगळ्यात कच्चा दुवा फ्यूजच्या डबीत न राहता टाकीखालच्या हार्नेसमध्ये जातो. १० च्या जागी ३० चा फ्यूज घालणारा तेच करतो, फक्त सभ्यपणे.

उडालेला फ्यूज काय सांगतो

फ्यूज टाकून देण्याआधी तो उजेडात धरावा. पट्टी मधोमध शांतपणे वितळून दोन टोके गोलसर झाली असतील, तर प्रवाह मर्यादेपेक्षा थोडासाच जास्त होता आणि बराच वेळ वाहत होता. जास्त वॉटचा बल्ब, नंतर बसवलेला हॉर्न अशा गोष्टींचा संशय घ्यावा. आतून प्लास्टिक काळे पडले असेल आणि धातूचे शिंतोडे उडाले असतील, तर सरळ शॉर्ट. पट्टी काळवंडलेली नाही, वितळलेली नाही, नुसती केसाएवढी चीर आहे, असे दिसले तर खडबडीत रस्त्यावरच्या थरथरीने धातू थकून तुटला असे समजावे. अशा वेळी नवा फ्यूज घालून काम भागते. चौथा प्रकार सर्वांत फसवा असतो. पट्टी शाबूत, पण एका पायाजवळचे प्लास्टिक वितळून तपकिरी झालेले. तिथे दोष फ्यूजचा नसून होल्डरच्या चिमट्याचा असतो. चिमटा सैल पडला की संपर्क अपुरा राहतो, तेवढ्याच जागी उष्णता होते आणि उष्णतेने चिमटा आणखी सैल पडतो. यात दहा फ्यूज बदलले तरी उपयोग नाही, होल्डरच बदलावा लागतो.

डोळ्यांनी दिसणाऱ्या या खुणांपेक्षा मोलाची माहिती म्हणजे फ्यूज नेमका केव्हा उडाला. गॅरेजमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला चांगला वायरमन आधी हेच विचारतो. हार्नेस उघडण्यापूर्वीच त्याचा निम्मा शोध झालेला असतो.

चावी बंद असताना नवा फ्यूज टोचताक्षणी उडाला, तर दोष चावीच्या अलीकडे आहे. तिथे वायर थोडीच असते: फ्यूजपासून चावीच्या स्विचपर्यंतचा तुकडा आणि त्याला येऊन मिळणारी रेग्युलेटर-रेक्टिफायरची वायर. हे आर. आर. युनिट म्हणजे ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असलेला ठोकळा. त्यातले डायोड जळून आरपार झाले की बॅटरीचा प्लस त्यांतून थेट अर्थला जातो. युनिटचा कपलर काढून पुन्हा फ्यूज घालावा. टिकला तर गुन्हेगार सापडला. बॅटरी बदलताना प्लस-मायनस उलटे लागले की नेमका याच वाटेने फ्यूज उडतो. त्या वेळी फ्यूज पुरेशा चपळाईने उडाला असेल तर युनिट वाचते, नाहीतर दोन्ही जातात.

चावी फिरवल्यावर उडाला, तर चावीने जे जे सुरू होते त्यात शोध: मीटरचे दिवे, इग्निशन, पेट्रोल पंप, टेल लाइट. चावी ऑन करून सगळे ठीक आणि ब्रेक दाबल्यावर उडाला, तर पाहणीची जागा मागच्या मडगार्डखाली. टेल लाइटची वायर चाकाच्या चिखलमाऱ्यात असते आणि क्लिप निसटली की टायरला घासते. फक्त डाव्या इंडिकेटरला उडतो, उजव्याला नाही, असे असेल तर फ्लॅशर निर्दोष ठरतो, कारण तो दोन्ही बाजूंना एकच असतो. हँडल पूर्ण उजवीकडे वळवले की उडतो, तर स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर सोललेली आहे. खड्ड्यात आदळल्यावर उडतो, तर सीटखाली किंवा मागच्या शॉकॲब्सॉर्बरजवळ पाहावे. वीस-पंचवीस मिनिटे गाडी नीट चालून मग उडतो, तर एक शक्यता जादा भाराची आणि दुसरी सायलेन्सरजवळून गेलेल्या, तापून मऊ पडणाऱ्या वायरीची. पावसातच उडतो, तर स्विच आणि कपलर उघडून कोरडे करावे लागतात. कोकणात आणि किनाऱ्यावर खारी हवा कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढवते. तो थर ओला झाला की दोन पिनांमधून थोडी वीज वाहू लागते. सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट हँडलच्या स्विचवर मारणे हेही पाऊस पाडण्यासारखेच.

फ्यूजच्या जागी बल्ब

वेळेवरून भाग कळला तरी नेमकी जागा सापडायला पुन्हा पुन्हा प्रयोग करावा लागतो आणि प्रत्येक प्रयोगाला एक फ्यूज जातो. यावर वायरमन लोकांची एक जुनी, फार देखणी युक्ती आहे. मागच्या दिव्याचा २१ वॉटचा बल्ब घ्यायचा, त्याला दोन वायरी जोडायच्या आणि फ्यूज काढून त्याच्या दोन चिमट्यांत त्या वायरी अडकवायच्या. आता गाडीला मिळणारी सारी वीज या बल्बमधून जाईल आणि काहीही झाले तरी पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. कितीही मोठा शॉर्ट असो, वायर जळणार नाही.

शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो, कारण बॅटरीचे सगळे १२ व्होल्ट त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतात. पलीकडे अर्थपर्यंत वाट मोकळीच असते. आता सीट काढून, बल्ब दिसेल असा हँडलला टांगून कामाला लागायचे. एकेक कपलर काढायचा आणि बल्बकडे पाहायचे. मागच्या दिव्याचा कपलर काढला, बल्ब तसाच. हॉर्नची वायर काढली, तसाच. हेडलाइटच्या मागचे वायरींचे जुडगे अंगठ्याने जरा डावीकडे सारले आणि बल्ब एकदम मंदावला. सोडले, पुन्हा लख्ख. चावीच्या स्विचखाली, जिथे हार्नेस चेसिसच्या कडेवरून वळतो तिथे टेपचा एक वेढा झिजून चकचकीत झालेला आणि त्याच्या आत तपकिरी वायरीचे तांबे नखाएवढे उघडे पडलेले. लोखंडाच्या कडेवरही तेवढाच एक काळा ठिपका. हजारो वेळा हँडल वळून ही जागा तयार झालेली असते.

शॉर्ट गेल्यावर बल्ब मंद का होतो, तेही समजून घेण्यासारखे आहे. आता बल्बच्या पलीकडे गाडीचे खरे दिवे येतात आणि व्होल्टेज त्यांच्यात वाटले जाते. त्यामुळे मंद उजेड हा दोष नसून निरोगी लक्षण मानावे. मात्र हेडलाइट चालू ठेवून हा प्रयोग केला तर गफलत होते. हेडलाइटची थंड तार बल्बला जवळजवळ शॉर्टसारखीच भासते आणि तो तेवढ्यानेही बराच उजळतो. म्हणून आधी सगळे स्विच बंद ठेवावेत आणि मग एकेक चालू करत जावे. इसीयू आणि एबीएसच्या वायरींत मात्र बल्बची टोके टोचत बसू नये. तिथले नाजूक परिपथ मिलिअँपिअरवर चालतात. तिथे मल्टीमीटरच बरा.

वायरीच्या रंगांवर विसंबताना गाडी कोणाची ते पाहावे लागते. होंडाच्या पद्धतीत हिरवी वायर अर्थ असते, यामाहात काळी, सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ, कावासाकीत काळ्यावर पिवळी. होंडाच्या याच पद्धतीत काळी वायर चावीनंतरचा प्लस असते. एका कंपनीच्या गाडीवर हात बसलेला मेकॅनिक दुसरीच्या गाडीत काळी वायर अर्थ समजून जोडतो आणि नवा फ्यूज पुन्हा जातो, ही गोष्ट वाटते तितकी दुर्मीळ नाही.

फ्यूजला पत्ताच लागत नाही असाही एक शॉर्ट असतो. मॅग्नेटवर चालणाऱ्या सीडीआयच्या (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) जुन्या गाड्यांत चावी बंद करणे किंवा किल स्विच दाबणे म्हणजे सीडीआयची एक वायर अर्थ करणे. ती वायर वाटेत सोलून चेसिसला टेकली, तर गाडी ‘बंद’च राहते. प्लगला करंट नाही, दिवे, हॉर्न, फ्यूज सगळे ठीक. लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, कार्बुरेटर साफ करतात. सीडीआयपासून ती एक वायर सुटी केली आणि पहिल्या किकला इंजिन धडधडले, की निदान झाले. ती जोडून घेईपर्यंत इंजिन चावीने बंद होणार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

फ्यूज शाबूत, तरी अंधार

फ्यूज न उडवणारे दोष संख्येने जास्त असतात. तुटलेली वायर, गंजलेला कपलर, सैल अर्थ. यांत वीज जास्त वाहत नाही, उलट वाहायला कचरते. इथे पहिली चूक मल्टीमीटरच्या ‘बीप’वर विश्वास ठेवण्याची होते. वायरीत १६ तारा असतील, त्यांपैकी १५ तुटल्या आणि एक उरली, तरी मीटर बीप देतो. हेडलाइटचे ३ अँपिअर मात्र त्या एका तारेतून नेताना व्होल्टेज गळते आणि दिवा लालसर जळतो. खरी चाचणी भार चालू असताना करायची: दिवा लावावा आणि मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरे दिव्याच्या प्लस पिनेवर धरावे. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट चांगली. एक-दीड व्होल्ट गळत असेल तर वाटेत गंज आहे. तसेच दिव्याची अर्थ पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजावे, तिथे ०.२ च्या वर गेलेले बरे नव्हे.

अर्थच्या दोषाची लक्षणे भुताटकीसारखी असतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हॉर्न वाजवला की मीटरमधला न्यूट्रलचा दिवा मंदावतो, डावा इंडिकेटर लावला की टेल लाइटही लुकलुकतो. कारण साधे आहे: एकाची परतीची वाट बंद झाली, म्हणून वीज दुसऱ्या दिव्यातून उलटी शिरून घरी जायला बघते. रंगकाम केलेल्या गाडीत हे हमखास दिसते, कारण अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर बसलेला असतो. पॉलिश पेपरने तेवढी जागा लोखंड दिसेपर्यंत घासली की भूत उतरते. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्या बाजूचा एक बल्ब गेला किंवा १० वॉटच्या जागी एलईडी बसवला, की जुन्या धाटणीच्या फ्लॅशरला भार कमी लागतो आणि तो घाई करतो.

सेल्फचे तर निदान कानानेच होते. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, म्हणजे रिलेपर्यंत आज्ञाच पोहोचत नाही: किल स्विच, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच, न्यूट्रल या क्रमाने पाहावे. किल स्विच चुकून बंद राहिल्याने ढकलत गॅरेजपर्यंत आणलेल्या गाड्या प्रत्येक मेकॅनिकने पाहिलेल्या असतात. एकच जड ‘टक्’ आणि पुढे शांतता, म्हणजे रिले लागतो पण त्याचे आतले संपर्क किंवा मोटारचे कार्बन संपलेत, नाहीतर टर्मिनल सैल आहे. ‘टकटकटकटक’ असा चिमणीसारखा आवाज म्हणजे बॅटरी उतरली. रिले चिकटतो, मोटार वीज ओढते, व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो, व्होल्टेज वर येते, पुन्हा चिकटतो.

बॅटरी आणि तिला भरणारे

शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येकाचे दोनच्या किंचित वर व्होल्ट. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ व्होल्ट आहेत म्हणून ती चांगली, हा गैरसमज इथेच फुटतो. सेल्फ मारताना मीटर १० च्या खाली घसरला, तर बॅटरी भरून पुन्हा तपासावी, आणि तरीही घसरला तर तिचे आयुष्य संपले.

इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर धरून बॅटरीवर साडेतेरा ते पावणेपंधराच्या दरम्यान व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी मिळाले तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर हात वर करून बसला आहे; बल्ब वारंवार जाणे, बॅटरी फुगणे ही त्याचीच लक्षणे. मॅग्नेटच्या चाकातून निघणारी वीज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतच जाते आणि बहुतेक रेग्युलेटर जास्तीची वीज अर्थकडे वळवून तिची उष्णता करून टाकतात. म्हणूनच त्या ठोकळ्याला पाकळ्या असतात आणि त्यांच्यावर चिखलाचा थर बसू द्यायचा नसतो. चार्जिंग होत नसेल आणि युनिट नवे असेल, तर मॅग्नेटच्या आतली कॉइलची प्लेट तपासावी. तीन सारख्या रंगाच्या वायरींपैकी कोणत्याही दोनमधला रोध सारखा आणि एक ओहमच्या आसपास किंवा कमी हवा, तिन्हींपैकी एकही इंजिनाच्या धातूशी जोडलेली दिसता कामा नये.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का’ पाहण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेजचे झटके थेट इलेक्ट्रॉनिक्सवर येतात.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर एक छोटा अँपिअरमीटर असे. चार्जिंग होते की नाही ते त्याचा काटा चालता चालता सांगे, आणि किक केव्हा मारायची तेही सांगे. चावी लावून किक हळूहळू दाबत नेली की पॉइंट बंद असताना कॉइल वीज घेते आणि काटा उणेकडे झुकतो. पॉइंट उघडताच तो मध्यावर येतो. तेवढ्यावर थांबून डिकॉम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारा खटका) दाबायचा, पिस्टन जरा पुढे सारायचा आणि मग जोरकस किक मारायची. काटा हललाच नाही, तर किक मारून पाय दुखवून घेण्यात अर्थ नाही. फ्यूज किंवा पॉइंट पाहायचा, हे बुलेटवाल्यांना न शिकवता कळे.

अनेक जुन्या १००-१२५ सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसेच. तो मॅग्नेटच्या कॉइलवर सरळ चाले, म्हणून सिग्नलला उभे राहिले की मंद आणि अॅक्सिलरेटर पिळला की झगझगीत. तिथे हेडलाइटच्या तक्रारीला फ्यूज तपासणे वायाच. १ एप्रिल २०१७ पासून भारतातल्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप लागलेला राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली आणि कार्बुरेटरची जागा मोठ्या प्रमाणावर इंधन इंजेक्शनने घेतली. बॅटरी मेली तरी किकवर निघणारी गाडी त्याबरोबर मागे पडली. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन करताच दोन-तीन सेकंद टाकीतून ‘झूं’ असा पंपाचा आवाज येतो. तो आला नाही तर आधी बॅटरी, मग पंपाचा फ्यूज आणि रिले. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून अनेक मॉडेलांत दोषाचा क्रमांकही सांगतो. तो मोजून गाडीच्या पुस्तिकेत पाहता येतो.

चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रार चोरट्या गळतीची असते. चावी बंद ठेवून मायनसची वायर सोडवावी आणि ती वायर व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावावा. साध्या गाडीत वाचन एक-दोन मिलिअँपिअरच्या घरात हवे. जीपीएस ट्रॅकर किंवा चोर-अलार्म बसवलेल्या गाडीत ते ४० दिसले, तर ४ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी १०० तासांत, म्हणजे चार दिवस आणि चार तासांत रिकामी होते. सेल्फ मारण्याजोगी तर त्याच्या कितीतरी आधीच राहत नाही. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये. गाडीचा फ्यूज शोधता शोधता मीटरचा फ्यूज उडतो.

जोडताना

नंतर बसवलेल्या वस्तू हे फ्यूज उडण्याचे मोठे कारण आहे. ३५ वॉटच्या जागी ६० वॉटचा बल्ब घातला की प्रवाह १.७ पट होतो, पण वायरीतली उष्णता जवळजवळ तिप्पट. स्विचचे संपर्क आणि बल्बचा सॉकेट आधी काळे पडतात. क्रॅशगार्डवरचे फॉग लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर यांची वायर जवळच्या वायरीला कात्रीने चीर देऊन जोडली जाते, आणि मूळ फ्यूजला दोघांचा भार सोसावा लागतो. योग्य रीत अशी, की बॅटरीच्या प्लसपासून वेगळी वायर, टोकाजवळच तिचा स्वतंत्र फ्यूज, पुढे रिले. हँडलवरचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो, मोठा प्रवाह स्विचमधून जातच नाही.

सोललेली वायर सापडल्यावर तिच्यावर नुसती टेप गुंडाळणे ही मलमपट्टी झाली. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पाझरतो आणि वर्षभरात टेप उलगडते. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर क्रिंप करावी किंवा सोल्डरने जोडावी आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. सोल्डरचा सांधा ताठ होतो, म्हणून तो सतत वाकणाऱ्या जागी घेऊ नये, थोडा बाजूला घ्यावा. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरीला सैल वळण ठेवावे आणि घासणाऱ्या कडेवर रबराचा तुकडा बसवावा. उंदराने कुरतडलेला हार्नेस असेल तर एका वायरीवर थांबू नये; उंदीर एकच वायर खात नाही.

बॅटरी सोडवताना मायनस आधी आणि जोडताना शेवटी, हा क्रम चेसिसमुळे ठरतो. प्लसचा नट फिरवताना पाना चेसिसला लागला आणि मायनस जोडलेला असला, तर पाना स्वतःच शॉर्ट होतो. चार्जिंगवर असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जवळच पेट्रोलची टाकी असते, तेव्हा ठिणगीला तिथे जागा नको. टर्मिनलवरचा पांढरा चुरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, कोरडा करून, नट आवळल्यावर वरून थोडे व्हॅसलीन लावतात.

सगळे जोडून झाले की आधी पुन्हा बल्बच लावतात, फ्यूज नव्हे. चावी ऑन, हँडल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ब्रेक, हॉर्न, दोन्ही इंडिकेटर, सीटवर बसून दोन-चार गचके. बल्ब कुठेही लख्ख झाला नाही, तर तो काढून मूळ आकड्याचा फ्यूज बसवतात, आणि त्याच आकड्याचा दुसरा होल्डरच्या झाकणातल्या रिकाम्या खाचेत.